बानूखालाला न्हाऊ कोण घालणार

राग मला अजून आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे ऐकताना कुणाला वाटायला नको, की ही बाई शेवटी शांत झाली असेल.

माझं नाव अन्वरी. नळदुर्गच्या पुढं, हैदराबादच्या हमरस्त्यापासून तीन किलोमीटर आत आमचं गाव. माझे मालक झुबेर यांचं रस्त्यावर ढाब्याशेजारी पंक्चरचं दुकान आहे आणि मी गावची आशा कार्यकर्ती. गरोदर बायकांची नोंद, लहान पोरांचे डोस, म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या हे माझं काम. आमच्या गल्लीत चाळीसेक घरं मुसलमानांची, बाकी गाव लिंगायत नि मराठा. घरात आम्ही दखनी बोलतो, पण शाळा मराठीत झाली, म्हणून सांगतेय तेही मराठीत.

आमच्यात बाई वारली की तिला शेवटची आंघोळ बाईनंच घालायची असते. त्या आंघोळीला गुस्ल म्हणतात. आमच्या गल्लीत ते काम पस्तीस वर्षं एकटी बानूखाला, म्हणजे बानूमावशी, करायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, एक पुतण्या शेजारच्या खोलीत राहायचा. कुणाच्या घरून हाक आली की हातातला घास ठेवून निघायची. कोण मेलं, श्रीमंत का गरीब, काय रोग होता, काही विचारायची नाही.

आणि एवढं करून तिला मिळालं काय? तिचे हात ‘मय्यतचे हात’. लग्नघरात हळद लागताना ती आली, की नवरीची आई पुढं होऊन म्हणायची, “खाला, तुम्ही तिकडं सावलीला बसा.” तिला चहा द्यायचा तो खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यातून. तसला पेला आमच्याही घरात होता. माझ्या सासूनं ठेवलेला, त्या गेल्यावर मीही तो तसाच राहू दिला. माझ्या त्या सासूला न्हाऊ घालून कबरीपर्यंत पाठवलं तेही बानूखालानंच.

दर गुरुवारी दुपारी निखतबाजीच्या घरी बायकांचा दर्स असतो, म्हणजे धर्माचा पाठ. निखतबाजीच्या मालकांचं नळदुर्गात लोखंड-सिमेंटचं दुकान आहे. बाजी शिकलेली, आवाज गोड, किताबं तोंडपाठ. गेल्या पावसाळ्यात तिनं सलग सात-आठ गुरुवार एकच विषय घेतला होता, बुलावा. अल्लाह बोलावतो तेव्हा माणसानं काय करावं.

“मोठ्या कामाला सगळेच धावतात,” बाजी सांगायची. “पण तो कधी हातात झाडू देतो, कधी दुसऱ्याचं उष्टं काढायला लावतो. तेव्हा कारणं सांगायची नसतात. मान झुकवायची आणि म्हणायचं, लब्बैक, मी हाजिर आहे.”

बायका पदरानं डोळे पुसायच्या. मीही पुसले असतील. बानूखाला दाराशी बसायची, जिथं चपला काढलेल्या असतात तिथं. पाठ संपला की सगळ्या तिला वळसा घालून आपापल्या चपला शोधायच्या. बाजीनं तिला कधी ‘आत या’ म्हटलेलं मला आठवत नाही.

त्याच पावसाळ्यात एक दिवस बानूखाला माझ्या घरी आली. मी नोंदवही भरत होते. ती उंबऱ्याशीच बसली.

“अन्वरी, माझे गुडघे आता साथ देत नाहीत,” ती म्हणाली. “न्हाऊ घालायच्या पाटाशी वाकता येत नाही. तू शीक माझ्याकडून.”

“मी?”

“तुझे हात चांगले आहेत. त्या दिवशी अडलेल्या बाईला गाडीत चढवताना तू कसं धरलंस ते मी बघितलं. तिला कुठं दुखतंय ते तुझ्या हाताला कळत होतं.”

मला काय झालं कुणास ठाऊक, डोक्यात तिडीक गेली. गावात कुणाला उलटी झाली, बोलवा अन्वरीला. कुणाची जखम चिघळली, बोलवा अन्वरीला. आता मेलेलीही माझ्याच गळ्यात.

“मीच का, खाला? निखतबाजीला विचारा की. दर गुरुवारी शिकवतात ना, हाजिर व्हा म्हणून.”

“तिचा बुलावा तिला येईल तेव्हा येईल,” ती म्हणाली. “मी तुला विचारतेय.”

मग मी खरं होतं ते बोलले. माझी मुलगी दहावीत आहे, दोन-चार वर्षांत स्थळं बघावी लागतील. मय्यतला न्हाऊ घालणाऱ्या गस्सालाच्या घरची मुलगी कोण करून घेईल? बानूखालानं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, “व्हय, तेही खरं आहे.” तिनं वाईट वाटून घेतलेलं दिसलं नाही. त्याचाच मला जास्त राग आला. नंतर आणखी दोनदा तिनं विचारलं, रस्त्यात, सहज विचारल्यासारखं. दोन्ही वेळा मी घाईत असल्याचं सांगितलं.

दिवाळीनंतर ती मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. पुतण्यानं सोलापूरला नेलं, पण वय बघून डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं, आणि ती खाटेवर घरी परत आली. चार महिने ती त्या खाटेवर होती. मी त्या गल्लीतून आठवड्यात तीनदा जायचे. दारातूनच गोळ्या द्यायचे, “कसं वाटतंय, खाला?” विचारायचे आणि तिनं उत्तर द्यायच्या आत पुढच्या घराकडं वळायचे. आत गेले असते तर तिनं पुन्हा विचारलं असतं, अशी मला भीती होती. पुतण्याची बायको सकाळ-संध्याकाळ ताट ठेवून जायची. बाकी कुणी फिरकत नव्हतं. एकटी इरम्मा यायची.

इरम्मा लिंगायत. दोघींची शेजारशेजारची घरं, मधे हातभर उंचीची भिंत. वय झालेलं, पाठ वाकलेली, तरी रोज दुपारी भिंतीवरून ताकाचा तांब्या घेऊन यायची आणि खाटेशी बसायची. तिला एकटीला काही बानूखालाला कुशीवर वळवता येत नव्हतं.

फेब्रुवारीअखेर एका मंगळवारी सकाळी बानूखाला गेली. मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं गेलं, असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर मिट्टी आहे, म्हणजे दफन. मी पोचले तेव्हा अंगण भरलेलं होतं. चाळीस घरांतल्या बहुतेक बाया आल्या होत्या, कधी नव्हे त्या तिच्या अंगणात. पांढरी चादर अंथरून खजुराच्या बियांवर कलमा मोजायला बसल्या होत्या. निखतबाजी मधोमध बसून कुराणातल्या सूरा पढत होती. घराच्या मागच्या बाजूला दोरी बांधून चादरी टांगल्या होत्या आणि आडोशाला लाकडी पाट मांडला होता. तीन दगडांच्या चुलीवर इरम्मा पाणी तापवत होती. पाण्यात टाकायला बोरीचा पाला लागतो, तोही तिनंच स्वतःच्या रानातून तोडून आणला होता. कुणी सांगितलं नव्हतं, ती आपल्या मनानं गेली होती.

बारा वाजले. एक वाजला. पाणी दोनदा उकळलं, दोनदा खाली उतरवलं. जमातीचे अध्यक्ष पाशामियाँ बाहेरून म्हणाले, “बायांनो, गुस्ल सुरू झालं का?”

सगळ्याजणी एकमेकींकडं बघायला लागल्या.

मग कारणं सुरू झाली. एकीची कंबर धरलेली. एकीला मय्यत बघितली की चक्कर येते. एकीचं तान्हं पोर अंगावर पितं, त्याला बाधेल. एकीला महिन्याची अडचण होती, ते खरं असावं, पण तिच्या मागोमाग आणखी चौघींना तीच अडचण आली. पुतण्याची बायको म्हणाली, “मला कधी बघूसुद्धा दिलं नाही, मला काय येतंय?” निखतबाजी मान खाली घालून पढत राहिली. तिचा आवाज जरा मोठा झाला होता, एवढंच.

“सोलापूरहून कुणाला तरी बोलवा,” मागून कुणीतरी म्हणालं. “संध्याकाळपर्यंत येईल.”

“कशाला सोलापूर?” दुसरी म्हणाली. “अन्वरी आहे की. इंजेक्शनं, बाळंतपणं सगळं बघते. तिला सवय आहे असल्या कामाची.”

असल्या कामाची. हे दोन शब्द ऐकले आणि मी उभी राहिले.

“असलं काम म्हणजे कसलं?” मी विचारलं. “इथं बसलेल्यांपैकी जिच्या सासूला बानूखालानं न्हाऊ घातलं नाही, तिनं हात वर करावा. जिच्या आईला? जिच्या पोरीला? पस्तीस वर्षं ती तुमच्या घरातली घाण आपल्या हातानं साफ करत होती आणि तुम्ही तिला खिडकीतल्या पेल्यात चहा देत होता. आणि आज ती सकाळपासून आत पडली आहे, तर तुमच्या कंबरा धरल्या. सात गुरुवार रडलात ना? मान झुकवायची, हाजिर आहे म्हणायचं? बाजी, बुलावा बुलावा म्हणजे काय असतो तो? आकाशातून आवाज येणार आहे का? हे पाणी तापलंय ना तिथं, तो बुलावा आहे.”

निखतबाजीचं पढणं थांबलं. मी अजून बोलणार होते, तोंडात भरपूर होतं. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली इरम्मा म्हणाली, “पोरी, पाणी निवायलंय.”

मी वळून बघितलं. ती फुंकणी खाली ठेवून गुडघ्यावर हात टेकत उठली.

“आमच्यात असती तर म्याच घातलं असतं,” ती म्हणाली. “माझी सासू गेली तवा बानूनं दिवसभर पाणी तापवून दिलंय मला. तुमच्यात माझ्या हातचं चालतंय का न्हाय, मला ठाव न्हाय. चालत आसंल तर सांगा. ती लई येळ झाली पडलीया.”

एवढंच बोलली ती. आवाज चढवला नाही, कुणाला नाव ठेवलं नाही. माझं सगळं भाषण एका बाजूला पडलं. ह्या बायांना मी विचारत होते, तुम्ही का उठत नाही. पण मी तरी कुठं उठले होते? उभी राहिले होते ती भांडायला. तीन वेळा तिनं मला विचारलं होतं, पहिल्यांदा तर माझ्या उंबऱ्याशी बसून, आणि तीन वेळा मी कारण दिलं होतं. माझं कारण मला मोठं वाटत होतं, एवढाच काय तो फरक.

मी बाह्या वर केल्या आणि चादरीच्या आड गेले.

पुतण्यानं आणि आणखी एकानं आधीच खाट तिथं आणून ठेवली होती. तिला एकटीनं उचलून पाटावर घेणं शक्य नव्हतं. मी तशीच उभी होते. मग चादर हलली आणि निखतबाजी आत आली.

“मला येत नाही,” ती म्हणाली. “किताबात वाचलंय, हातानं कधी केलं नाही.”

“मलाही येत नाही. तुम्ही आठवून सांगा, मी करते.”

दोघींनी मिळून बानूखालाला पाटावर घेतलं. अंगावर चादर ठेवूनच खालचे कपडे काढले. बाजी सांगत गेली, आधी हाताला कापड गुंडाळ, मग वजूसारखे हात, तोंड, पाय, मग केस, मग उजवी बाजू. माझा राग अजून हातात होता. मी पहिला लोटा ओतला तो पाटावर सपकन आपटला.

चादरीपलीकडून इरम्माचा आवाज आला. “हळू गं. बानू म्हनायची, जित्या मानसाला घालताव त्याच्याहून हळू घालायचं. त्यास्नी ‘पोळलं’ म्हनता येत न्हाय.”

मी लोटा खाली ठेवला. पाण्यात बोट बुडवून बघितलं. खरंच जास्त गरम होतं. थंड पाणी मिसळलं, मनगटावर घेऊन बघितलं, जसं आम्ही तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं बघतो. मग दुसरा लोटा हळूहळू, कपाळापासून. त्यानंतर माझ्या हातांना कळायला लागलं. मान कशी धरायची, खांदा कुठं उचलायचा. मोडलेल्या खुब्याखाली मी हात घातला तेव्हा असा घातला की तिला दुखू नये. ती गेलेली होती, तरी.

डाव्या कुशीवर वळवल्यावर आम्ही दोघींनी तिची पाठ बघितली. गुस्ल करणाऱ्या बाईनं आत जे दिसेल ते बाहेर सांगायचं नसतं, असा नियम आहे, आणि मी तो मोडणार नाही. चार महिने कुणी कूस न बदललेल्या माणसाचं काय होतं, हे ज्यांनी आजारी माणूस काढलं आहे त्यांना माहीत आहे. आणि ते माझं कामच होतं. आठवड्यात तीनदा मी त्या दारातून गेले होते.

निखतबाजी खाली बसली. तोंडावर ओढणी दाबून म्हणाली, “मी शेजारच्या गल्लीत राहते, अन्वरी.”

“उठा, बाजी. रडायला मागून वेळ आहे. ह्या बाजूला धरा.”

ती उठली. पुढचं पाणी तिनं घातलं, कापराचंही तिनंच. केस मी विंचरले, दोन वेण्या करून छातीवर घेतल्या. कफनाचे पाचही कपडे आम्ही दोघींनी मिळून चढवले. शेवटचं कापड बांधायच्या आधी मी इरम्माला चादरीच्या आत बोलावलं. ती आली, बानूखालाच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी कानडीत बोलली आणि बाहेर जाऊन चूल विझवायला लागली.

असरनंतर मिट्टी झाली. आता वाटेल की सगळ्या बाया सुधारल्या असतील. त्याच संध्याकाळचं ऐका.

शेजारच्या घरांनी खिचडी आणि दालचा पाठवला होता. अंगणात जेवणासाठी दस्तरखान अंथरला. वाढणाऱ्या बाईनं निखतबाजीला हाताला धरून मधोमध बसवलं, “बाजी, तुम्ही किती हिमतीनं केलंत,” म्हणाली. आणि माझी थाळी? माझी थाळी तिनं उंबऱ्यावर ठेवली आणि बोटानं माझ्याकडं सरकवली, हात लागू नये म्हणून. एकाच पाटाशी दोघींनी एकाच पाण्यानं एकाच बाईला न्हाऊ घातलं होतं. एक हिंमतवाली झाली आणि एक गस्साला.

मी थाळी उचलली नाही. बाजीला म्हटलं, “बाजी, माझी थाळी कुठं वाढली आहे ती बघा.”

तिनं बघितलं. तिला ते आधी दिसलंच नव्हतं, आणि अशा गोष्टी न दिसणं हेही एक सुखच असतं. हातातला घास थाळीत टाकून उठली आणि घरी निघून गेली. मीही न जेवता घरी आले.

झुबेरनं दुकानावरून आल्यावर विचारलं, लोक काय म्हणतायत. मी सांगितलं. ते म्हणाले, “पोरीच्या स्थळांचं बघू की मग. ज्याला चालत नाही त्याच्या घरी पोरगी देऊन तरी काय करायचं?” मला वाटलं होतं ते चिडतील. हे कारण मी पावसाळ्यापासून त्यांच्या नावावर उराशी धरून बसले होते, आणि त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी खिडकीतला पेला मी आमच्या रोजच्या भांड्यांत मिसळला.

पुढचे दोन गुरुवार दर्स झाला नाही. तिसऱ्या गुरुवारी बाजी माझ्या घरी आली.

“मी काय शिकवू आता?” ती म्हणाली. “तोंड उघडवत नाही.”

“जे येत नव्हतं ते शिकवा,” मी म्हटलं. “तुम्हाला क्रम पाठ आहे. मी हात दाखवते.”

पुढच्या गुरुवारी सतरंजीवर उशा मांडून, चादर पांघरून आम्ही दोघींनी गुस्ल कसं घालतात ते दाखवलं. तीसेक बायांतल्या अकराजणी आल्या. त्यांतल्या तिघींनी हात लावला. पुतण्याची बायको त्यातली एक. बाकीच्या भिंतीला टेकून बघत होत्या. मला वाटलं म्हणावं, बानूखाला पस्तीस वर्षं एकटी हे करत होती, तुम्हाला उशीला हात लावायला काय होतं? ते गिळलं आणि लोटा कसा धरायचा ते पुन्हा दाखवलं.

रमजान होऊन गेल्यावर पाशामियाँची थोरली भावजय वारली. सकाळी त्यांच्याकडचा माणूस आला आणि रस्त्यावरूनच ओरडला, “अन्वरीला पाठवा म्हणालेत.”

पाठवा. जशी पाण्याची घागर पाठवतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कापूर, कात्री, स्वच्छ कापड असं सामान मी पिशवीत भरून ठेवलेलंच असतं. पिशवी घेतली, चपला घातल्या आणि दारातच थांबले. बानूखाला अशा हाकेलाही गेली असती, हे मला माहीत होतं. मी बानूखाला नाही.

“अध्यक्षांना सांग,” मी त्या माणसाला म्हटलं, “अन्वरी तयार आहे, दारात उभी आहे. त्यांनी येऊन घेऊन जावं.”

दारात उभं राहून मला अपराध्यासारखं वाटत होतं, हेही सांगते. तिकडं एक म्हातारी वाट बघत पडली होती आणि मी मान मागत होते. पाच मिनिटं गेली असतील. मी स्वतःशी ठरवलं, आणखी पाच मिनिटांत नाही आले तर मी आपली आपण जाईन. तेवढ्यात काठी टेकत पाशामियाँ स्वतः आले. उन्हानं घामेजले होते.

“अन्वरीबेटी,” ते म्हणाले, “चुकलं. चलतेस ना?”

“चला,” मी म्हटलं.

त्यांच्या घरी निखतबाजी आधीच पोचली होती, पुतण्याची बायकोही होती आणि आणखी दोघीजणी. पाट धुतलेला नव्हता, म्हणून मी सगळ्यांदेखत बोलले. पाणी जास्त कढवलं होतं, त्यावरूनही बोलले. मग चादरीच्या आड गेलो आणि पहिला लोटा कपाळापासून हळू सोडला, तेव्हा तासभर माझ्या डोक्यात काही नव्हतं. नाही राग, नाही मान. नुसते हात होते.

मिट्टीनंतर दस्तरखान अंथरला गेला. आम्हा पाचजणींसाठी कुणी जागा केली नाही. आम्ही जाऊन बसलो. आमच्या दोन्ही अंगाच्या बाया उठून दुसरीकडं गेल्या. समोरच्या बसून राहिल्या. एकीनं दालच्याचं भांडं माझ्यापुढं सरकवलं, आणि मी आधी वाढून घेतलं.